मदत हवी आहे: आईला घरी आणायचं की केअर सेंटरमध्ये ठेवायचं, हे कशावरून ठरवतात?

नमस्कार. आई ८१ वर्षांची. न्यूमोनिया झाला म्हणून ९ दिवसांपूर्वी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. ते का करावं लागतंय हे डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं होतं. कर्ब-६५ म्हणतात त्याला: बोलण्यात गोंधळ, रक्तात युरिया जास्त, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, कमी बीपी आणि ६५ किंवा पुढचं वय, प्रत्येकाचा एक गुण. ० किंवा १ आला तर बहुतेकदा घरीच उपचार, ३ किंवा त्यापुढे गंभीर. आईचे ३ भरले. मला पटलं.

आता छाती साफ आहे, आणि सांगताहेत की घरी नेऊ नका, कायमचं नर्सिंग होम बघा. (म्हणजे छोटं हॉस्पिटल नव्हे, वृद्धांना ठेवून घेऊन सेवा देतात ते.) याचा मात्र कागद नाही. राउंडवर आलेल्या डॉक्टरांनी आज वार कोणता ते विचारलं, तिला सांगता आलं नाही, झालं.

रात्री ती बाबांना हाका मारते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पण काल दुपारी पांघरुणाची घडी घालत होती, टोकाला टोक जुळवून, एक कोपरा निसटला तर पुन्हा उलगडून. आजारापूर्वी आंघोळ, कपडे, संडास, सगळं तिचं तीच करायची. सिस्टर म्हणाल्या हा डिलिरियम आहे, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ, उतरायला कधी आठवडे, कधी महिनेही लागतात. मग नवव्या दिवसावरून कायमचं कसं ठरवायचं? पडून राहून पायांतली ताकदही गेलीय, पण फिजिओ अजून नीट सुरूच झालेली नाही.

भाऊ म्हणतो, डॉक्टरांचं ऐक. त्याची भीती खोटी नाही. रात्री उठून पडली तर? मी दिवसभर नोकरीवर असते.

बार्थेल नावाची १०० गुणांची मोजणी असते, जेवणं, चालणं, जिना चढणं वगैरे किती जमतं त्याची. ती करून द्या असं कोणाला सांगायचं, डॉक्टरांना की फिजिओंना? कोणी आधी काही आठवड्यांपुरतंच ठेवून, फेरतपासणीची तारीख लिहून घेऊन मग ठरवलंय का? ती तारीख खरंच पाळली गेली का?

आणि आईला अजून कोणीच विचारलेलं नाही. सकाळी ती बरीच शुद्धीत असते. तिच्याशी हा विषय कसा काढलात, तेही सांगा. परवा डॉक्टरांशी बोलणं आहे.