‘कॉल ऑफ’चा भूतकाळ करताना प्रत्यय नेमका कोणाला लावायचा?

प्रश्न : घणसोलीहून एक वाचक

मी महापे येथील एका कार्यालयात हिशेब विभागात काम करते. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले असल्यामुळे इंग्रजी वाचताना अडत नाही, पण लिहिताना हात थबकतो. गेल्या आठवड्यात बैठक रद्द झाल्याचे कळवताना मी ‘वुई कॉल ऑफ्ड द मीटिंग’ असे लिहिले. वरिष्ठांनी त्याचे ‘कॉल्ड ऑफ’ केले. दुसऱ्या दिवशी तोच धडा गिरवून मी ‘पुटेड ऑफ’ लिहिले, तर तेही चुकले. कागद संपला आहे हे सांगताना ‘हॅज रॅन आउट’ म्हणावे की ‘हॅज रन आउट’, याचाही उलगडा होत नाही. शाळेत आम्ही ‘गो, वेन्ट, गॉन’ पाठ केले होते, पण क्रियापदाला अप, ऑफ, आउट असे शेपूट जोडले गेले की काळ कसा चालवायचा, हे कोणी समजावून सांगितले नाही. नियम पाठ करण्याची माझी तयारी आहे. तो तसा का आहे हे कळले तर अधिक बरे होईल.

उत्तर : नौपाड्यातील एक निवृत्त शिक्षिका

तुमची चूक हलगर्जीपणाची नाही, ती मराठी कानाची आहे, आणि म्हणूनच ती समजून घेण्यासारखी आहे. आपल्या भाषेत काळ दाखवणारा भाग शेवटी येतो. ‘सोडून देणे’ घ्या: सोडून देते, सोडून दिले, सोडून देईन. ‘सोडून’ जागचे हलत नाही, बदलते ते मागून येणारे ‘देणे’. त्यामुळे दोन शब्दांची जोडी दिसली की प्रत्यय दुसऱ्या शब्दाला लावावा असे आपल्याला आपोआप वाटते, आणि ‘कॉल ऑफ्ड’ लिहून जातो. इंग्रजीत मात्र क्रियापद पुढे असते आणि न बदलणारा शब्द त्याच्या मागे. ‘बंद पडणे’ आणि ‘ब्रेक डाउन’ शेजारी शेजारी ठेवून पाहा. बस बंद पडते, ‘द बस ब्रेक्स डाउन’. बंद पडली, ‘ब्रोक डाउन’. बंद पडली आहे, ‘हॅज ब्रोकन डाउन’. बंद पडेल, ‘विल ब्रेक डाउन’. आपल्याकडे ‘बंद’ जसे सर्व काळांत तसेच राहते, तसेच तिकडे ‘डाउन’ राहते.

म्हणजे नवे काही पाठ करायचे नाही. एकट्या क्रियापदाची जी तीन रूपे तुम्हाला ठाऊक आहेत, तीच जोडीतही चालतात. ‘पुट’ची तिन्ही रूपे ‘पुट’ अशीच असल्यामुळे ‘पुटेड’ होत नाही. ‘रन’चे भूतकाळी रूप ‘रॅन’ आणि तिसरे रूप पुन्हा ‘रन’, आणि ‘हॅज’च्या पुढे नेहमी तिसरे रूप लागते, म्हणून ‘द पेपर हॅज रन आउट’ हेच बरोबर. काल संपला असे सांगायचे असेल, तर ‘रॅन आउट यस्टर्डे’.

ज्या क्रियापदांचे रूप बदलतच नाही, तिथे काळ ओळखायचा कसा, असे वर्गात मुले हटकून विचारत, आणि मला तो प्रश्न फार आवडे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला माहीत असते, म्हणून मी फळ्यावर दोन वाक्ये लिहीत असे: ‘द ट्रेन सेट्स ऑफ’ आणि ‘द ट्रेन सेट ऑफ’. पहिल्यात एक ‘एस’ आहे, दुसऱ्यात नाही. वर्तमानकाळात एकवचनी तृतीयपुरुषी कर्त्याला तो ‘एस’ लागतोच, तेव्हा तो नसणे हीच इथे भूतकाळाची खूण.

उत्तर : ऐरोलीहून एक मुद्रितशोधक

बाईंनी मूळ गोष्ट सांगितली आहे, त्यात दोन गोष्टींची भर घालतो. बोलताना ‘कॉल्ड ऑफ’ हे ‘कॉल्डॉफ’ असे आणि ‘पिक्ड अप’ हे ‘पिक्टप’ असे सलग ऐकू येते, त्यामुळे प्रत्यय कोणत्या शब्दाचा हे केवळ ऐकून उमगत नाही. ते छापलेल्या मजकुरात डोळ्यांनीच पाहावे लागते. दुसरे असे की ‘लॉगिन’ आणि ‘ब्रेकडाउन’ ही जोडून लिहिलेली रूपे नामे आहेत. नामाला काळ नसतो, म्हणून ‘लॉगिन्ड’ असा शब्दच होत नाही. क्रिया सांगायची तर शब्द तोडून ‘लॉग्ड इन’ लिहावे लागते. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कार्यालयीन कागदपत्रांत ही चूक मला सर्वांत अधिक आढळते.

प्रश्नकर्ती

बाई, आपले मनापासून आभार; ‘बंद पडणे’ वाचल्यावर डोक्यातली गाठ सुटली. एक शंका राहिली. ‘मीटिंग’च्या जागी ‘इट’ लिहायचे झाल्यास ‘वुई पुट ऑफ इट’ चालेल का? आणि बैठक पुढे ढकलली गेली, असे कर्त्याचे नाव न घेता कसे लिहावे?

उत्तर : नौपाड्यातील एक निवृत्त शिक्षिका

‘पुट ऑफ इट’ चालणार नाही. अशा जोडीत कर्म नाम असेल, तर ते मध्ये किंवा शेवटी कुठेही बसते, परंतु सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते: ‘वुई पुट इट ऑफ’, ‘वुई कॉल्ड इट ऑफ’. सगळ्याच जोड्या अशा फोडता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. ‘लुक आफ्टर’ कधीच फुटत नाही, म्हणून ‘शी लुक्ड आफ्टर इट’ असेच लिहायचे. कोणती जोडी फुटते हे तिच्या रूपावरून कळत नाही. शब्दकोशातील उदाहरणे पाहूनच ते ठरवावे. कर्त्याचे नाव टाळायचे असेल, तर ‘वॉज’च्या पुढे तिसरे रूप येते आणि ‘ऑफ’ त्याला चिकटून राहते: ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’. पुढे ‘टिल मंडे’ जोडा, तुमचे कार्यालयीन वाक्य पूर्ण होईल.