नकली घडीच्या चाकूच्या खटक्यावर भरवसा ठेवावा का?

प्रश्न
सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी मी ऑनलाइन एक घडीचा चाकू मागवला. तो एका नामांकित अमेरिकी चाकूची हुबेहूब नक्कल असून त्याची किंमत मूळ चाकूच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. पात्यावर ‘४४०सी’ (स्टेनलेस पोलादाची एक जात) असा शिक्का आहे. कागद सहज कापला जातो, मात्र पूर्ण उघडलेले पाते किंचित डावी-उजवीकडे हलते. दोर कापणे आणि काटक्या तासणे यांसाठी तो सुरक्षित आहे का?

प्रतिसाद १
कागदावरून पोलादाची पारख होत नाही, कारण नवी धार कोणत्याही पोलादाला लावता येते; ती किती टिकेल हे त्यातील कार्बनवर आणि त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून-थंड करून कसे कडक केले आहे, यावर ठरते. खऱ्या ४४०सी मध्ये सुमारे १ टक्का कार्बन असतो, पण शिक्का मारायला काहीच लागत नाही आणि अशा नकलांत पुष्कळदा ४२० जातीचे मऊ पोलाद निघते. असो, धार बोथटणे ही गैरसोय झाली. धोका खटक्यात आहे. लायनर लॉक या प्रकारच्या खटक्यात मुठीतली धातूची पट्टी उघडलेल्या पात्याच्या बुडामागे सरकून त्याला अडवते. चाकू उजेडात धरून पाहा: पट्टी बुडाच्या अगदी कडेवर कशीबशी टेकली असेल, तर जोर पडताच ती सटकून पाते बोटांवर मिटू शकते. पात्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही अशा बेताने मूठ दोन्ही बाजूंनी धरून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच ठोकून पाहावी.

प्रश्नकर्ता
पट्टी कडेवरच टेकते, आणि हलक्या ठोक्यानेही पाते मिटले. बिजागरीचा स्क्रू आवळून हलणे थांबले, पण मग पाते उघडायला दोन्ही हात लागू लागले.

प्रतिसाद २
मग तो वापरू नये, आणि विक्रेता परत घेत नसेल तर दुसऱ्या कोणाला देऊही नये. मात्र स्वस्त चाकू सरसकट वाईट, असे मी म्हणणार नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या चाकूंना खटकाच नसतो, त्यामुळे वापरणारा पात्याच्या पाठीवर जोर देण्याच्या फंदात पडत नाही. फसव्या खटक्यापेक्षा हे बरे. खटका हवाच असेल तर फ्रान्सचा ओपिनेल पाहावा. त्याचे पाते अडवणारे फिरते कडे १९५५ पासून वापरात आहे आणि ते नीट फिरले की नाही हे डोळ्यांना दिसते. फक्त पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगून पाते अडकते, आणि कार्बन पोलादाचा घेतल्यास पाते पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. म्हणून आपल्याकडे स्टेनलेसचाच घ्यावा.