खाली रंगाचं दुकान, वर घर आणि जिना एकच, आगीच्या दृष्टीने नक्की काय करावं?

मोशीकर
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा. आमचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे, खाली दुकान, वर आम्ही राहतो आणि वर जायचा जिना दुकानाच्या आतूनच आहे. कामाला एक पोरगा आहे लातूरकडचा, तो दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपतो. रात्री शटरला आतून कुलूप आणि चावी बाबांच्या उशाशी. त्यात आता इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय, ती जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला असते. ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या इथून जवळच चिखलीला पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागून आत झोपलेलं चार जणांचं अख्खं कुटुंब गेलं, तेव्हापासून मला रात्री नीट झोप लागत नाही. बाबा म्हणतात एवढी वर्षं काही झालं नाही. मला एवढंच विचारायचंय की फायर एक्स्टिंग्विशर कोणतं घेऊ आणि नवीन एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) टाकले तर पुरेल का?

निवृत्त_जवान
मोशीकर, एक्स्टिंग्विशरचं नंतर बघू. आधी त्या पोराला आज रात्रीपासून पोटमाळ्यावर झोपवू नका, वर तुमच्याकडे हॉलमध्ये झोपू दे.

आगीत माणूस बहुतेक वेळा भाजण्याआधी धुराने जातो. रंग, थिनर, पीव्हीसी पाइप, फोम हे जळलं की काळाकुट्ट विषारी धूर निघतो, तो गरम असल्यामुळे सरळ वर चढतो आणि तुमच्याकडे त्याला वर जायला वाट एकच, तुमचा जिना. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्याने खाली पळणार त्याच रस्त्याने धूर वर येणार. एप्रिल 2024 ला संभाजीनगरच्या छावणीत हेच झालं, खाली कपड्यांचं टेलरिंगचं दुकान पेटलं आणि वरच्या मजल्यावर झोपलेली एकाच घरातली सात माणसं गुदमरून गेली. झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल या भरवशावर राहू नका, उलट धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने गुंगी चढते. म्हणून जिन्याच्या वरच्या टोकाला आणि खाली दुकानात असे दोन बॅटरीवरचे स्मोक अलार्म लावाच.

कुलपाचं पण ऐका. कोंढव्याच्या बेकरीत डिसेंबर 2016 ला सहा कामगार गेले, उरुळी देवाचीला साडीच्या दुकानात मे 2019 ला पाच गेले, दोन्हीकडे माणसं आत झोपलेली आणि दार बाहेरून बंद. तुमचं कुलूप आतून आहे हे ठीक, पण धुरात डोळे उघडत नाहीत, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या उशाखालची चावी काय कामाची? आतून नुसती कडी सरकवून उघडेल अशी व्यवस्था करा. आणि वरून बाहेर पडायला दुसरी वाट हवीच हवी. गॅलरीला किंवा खिडकीला ग्रिल असेल तर त्यात माणूस निघेल एवढी झडप करून घ्या, चावी तिथेच खिळ्याला.

वायरमन_भोसरी
दादांनी बरोबर सांगितलंय, मी वायरिंगचं बोलतो. एमसीबी लोड जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतो, पण सॉकेटच्या आत स्क्रू ढिला असेल तर करंट तेवढाच राहतो, फक्त त्या जागी तापत राहतं, एमसीबीला काही कळतच नाही. बोर्ड हाताला गरम लागणं, सॉकेटच्या भोवती पिवळं-तपकिरी पडणं, मासे जळल्यासारखा वास येणं, लाइट मधेच फडफडणं, यातलं काही दिसलं तर तो बोर्ड बंद करून उघडून बघायला लावा, उद्यावर ढकलू नका. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून कोणी 16 अँपिअरचा काढून 32 चा टाकून देत असेल तर त्याला दारात उभं करू नका, वायर तीच राहते आणि मग एमसीबीच्या आधी वायर जळते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नावाचा स्विच मात्र लावून घ्या, करंट वायरीबाहेर गळायला लागला की तो पडतो, शॉकपासून तर वाचवतोच.

स्कूटर जिन्याखालून आजच्या आज काढा. मोकळ्या हवेत, पार्किंगमध्ये भिंतीच्या कडेला, वेगळ्या लाइनवरच्या पॉवर सॉकेटला, कंपनीच्याच चार्जरने, दिवसा कुणी जागं असताना. एक्स्टेन्शन बोर्ड नको. लांबून चालवून आल्या आल्या लगेच लावू नका, बॅटरी थंड होऊ द्या. लिथियमची बॅटरी पेटली की वरून पावडर मारून ज्वाळा दबते पण आत सेल एकामागून एक तापत जातात, परत भडकते, आणि तीच जर तुमच्या एकमेव वाटेत असेल तर मग वाट राहत नाही.

सई_चिंचवड
मोशीकर दादा, माझ्या सासऱ्यांचं पॉलिशचं काम होतं म्हणून एक सांगते जे कोणी सांगत नाही. अळशीच्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकून ठेवली तर ती आपोआप तापून पेटते, काडी लागत नाही. त्या बाहेर उन्हात पसरून वाळवायच्या नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवायच्या. आणि थिनर सुट्टं देता का? देत असाल तर ते ओतायचं काम बाहेर, कारण त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते.

वर स्वयंपाकघर आहे ना, मग गॅसची केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, तारीख नळीवरच छापलेली असते. वास आला तर बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर जाऊन 1906 ला फोन. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद करून झाकण सरकवायचं आणि थंड होईपर्यंत उचलायचं नाही.

मोशीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. पोराचा बिछाना वर आणला, स्कूटर बाहेर काढली, बाबा थोडे कुरकुरले पण संभाजीनगरचं वाचून दाखवल्यावर गप्प झाले. मागच्या बाजूला बोळ आहे, तिकडे लोखंडी जिना लावायचा विचार चाललाय. आता तरी सांगा एक्स्टिंग्विशर कोणतं?

निवृत्त_जवान
बाहेरचा जिना होत असेल तर याहून चांगलं काही नाही, मनपात विचारून रीतसर करा आणि तो बोळ अडगळीने भरू देऊ नका.

एक्स्टिंग्विशर एबीसी पावडरचं (लाकूड-कागद, थिनर-तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींना चालणारं), 6 किलोचं, आयएसआय मार्क बघून. एक खाली शटरजवळ आणि एक वर जिन्याच्या तोंडाशी. थिनरच्या रॅकशेजारी टांगू नका, तिथेच पेटलं तर घ्यायला जाणार कसं. पिन ओढायची, पाठीमागे बाहेरची वाट ठेवून उभं राहायचं आणि ज्वाळेच्या टोकावर नाही, बुडाशी मारायचं. जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतं, त्यामुळे आग टेबलाएवढी झाली असेल तर नाद सोडा, माणसं बाहेर काढा, बाहेरूनच 101 ला फोन करा. त्याच्यावरच्या प्रेशर गेजचा काटा हिरव्यात आहे का हे महिन्यातून एकदा बघा. आणि त्या पोराला सुद्धा एकदा हातात देऊन शिकवा, दिवसभर दुकानात तोच असतो.