‘अ‍ॅडमिनिस्टर’ : कारभार पाहणे आणि देणे
‘अ‍ॅडमिनिस्टर’ या इंग्रजी क्रियापदाचा ‘कारभार पाहणे’ हा अर्थ बरोबर असला, तरी अपुरा आहे. नगरसेवकांची मुदत मे 2020 मध्ये संपल्यावर नवी मुंबई महापालिकेचे आयुक्तच प्रशासक झाले, तो हा अर्थ. पण नेरूळच्या एखाद्या इस्पितळात परिचारिका रुग्णाचे नाव विचारून, औषधाची मात्रा कागदाशी ताडून सुई टोचते, तेव्हा त्या कृतीलाही हेच क्रियापद लागते, आणि तिथे ‘लस प्रशासित केली’ असे छापणाऱ्यांची कमाल वाटते. सरळ ‘दिली’ म्हणावे. शपथेबाबत मात्र जपून लिहावे: राज्यपाल मंत्र्यांना ती देतात, घेतात ते मंत्री. मृत्युपत्राविना गेलेल्या व्यक्तीची देणी भागवून उरलेली मालमत्ता वारसांत वाटण्यालाही हाच शब्द आहे. तिथे ‘व्यवस्था पाहणे’ चालून जाते.