ओपन सोर्सची संस्था कोणाची: काढणाऱ्यांची की सभासदांची?

(टोपणनावांनी झालेली तिघांची चर्चा)

कळफलक:
ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघावा, बदलावा, वाटावा असं सॉफ्टवेअर. कुठले परवाने त्यात बसतात हे ठरवणारी संस्था, ओपन सोर्स इनिशिएटिव्ह (ओएसआय), म्हटलं की एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स ही दोनच नावं निघतात. १९९८च्या फेब्रुवारीत संस्था काढली ती त्यांनीच. पण 'ओपन सोर्स' हा शब्द क्रिस्टीन पीटरसन यांचा. आपल्या ब्राउझरचा कोड खुला करणार असं नेटस्केप कंपनीने जाहीर केल्यावर कॅलिफोर्नियात मोजक्या मंडळींची बैठक झाली. आपलं इथे कोण ऐकणार, म्हणून पीटरसन यांनी शब्द पुढे रेटला नाही. त्यांच्या ओळखीच्या टॉड अँडरसन यांनी तो बोलण्याच्या ओघात नुसता वापरला, थोड्या वेळाने दुसऱ्याच कोणाच्या तोंडी आला, आणि बैठक संपेपर्यंत रुळला. एवढ्या जणांच्या हातून उभं राहिलेलं काम, आणि रेमंड २००५पर्यंत अध्यक्ष! तुमच्याआमच्यासारख्यांना सभासद व्हायला २०१२ उजाडलं. मला हे पटत नाही.

सहावं कलम:
खुर्ची अडवली हे अर्धंच खरं. पेरेन्स १९९९मध्येच बाहेर पडले. आणि मंडळ लहान होतं म्हणून तर ओपन सोर्स कशाला म्हणायचं याची व्याख्या टिकली. तिचा पेरेन्स यांनी केलेला मसुदा मुळात डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी होता. १९९७मध्ये डेबियनच्या लोकांनी तो ईमेलवर घासूनपुसून घेतला, पुढे त्यातलं डेबियनचं नाव काढून ओपन सोर्सची व्याख्या झाली. सहावं कलम सांगतं, कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला बंदी घालता येणार नाही. आमच्या ऑफिसात नवी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, घ्यायची तर कायद्याची माणसं एकच विचारतात, 'परवाना ओएसआयच्या यादीत आहे का?' ती यादी सभासदांच्या मतांच्या गणितावर सोडायची?

पारंब्या:
संस्थापक केंद्रस्थानी राहिले की काय होतं ते शेजारी बघा. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही मुक्त सॉफ्टवेअरची संस्था रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५मध्ये काढली. सप्टेंबर २०१९मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं, आणि मार्च २०२१मध्ये आपण मंडळावर परतलोय हे स्वतःच जाहीर केलं. तिथे वर्गणी भरणाऱ्या सभासदांना मंडळ निवडायचा हक्कच नाही.

सहावं कलम:
बरं, ओएसआयच्या सभासदांनी मंडळासाठी मतं देऊन काय साधलं? ओपन सोर्स एआय कशाला म्हणायचं याची ओएसआयची ऑक्टोबर २०२४ची व्याख्या वाचा. मॉडेल ज्या डेटावर शिकलं तो डेटा द्यायलाच हवा असं नाही, त्याची सविस्तर माहिती पुरते. कोडच्या बाबतीत अशी सूट कधी चालली असती?

कळफलक:
त्या व्याख्येवर माझाही आक्षेप आहे. डेटाच नसेल तर मॉडेल पुन्हा घडवून बघणार कसं? पण २०२५च्या मंडळाच्या निवडणुकीत हा प्रश्न मी सभासद म्हणून उमेदवारांना मत देण्याआधी विचारू शकत होतो. २००५ साली कोणाला विचारला असता?