वहिनी नगरसेविका झाली, आता दादाने नगरपरिषदेचं टेंडर भरलं तर तिचं पद जाईल का?

धाकटा_दीर:
नमस्कार मंडळी. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत माझी वहिनी महिला राखीव जागेवरून नगरसेविका झाली, पहिल्यांदाच. दादा छोटा कॉन्ट्रॅक्टर आहे, फर्म त्याच्या एकट्याच्या नावावर. फॉर्म भरताना त्याचं नगरपरिषदेत एकही काम चालू नव्हतं, वकिलाला दाखवूनच भरला होता. आता बंदिस्त गटाराचं टेंडर निघालंय आणि दादाला ते भरायचंय. त्याचं म्हणणं, टेंडर ऑनलाइन आहे, माझा दर सगळ्यात कमी आला तर काम माझं, यात बायकोचा संबंध येतोच कुठे. एक जण सांगतो नवरा-बायको कायद्याने एकच धरतात, दुसरा म्हणतो पॅन वेगळा, खातं वेगळं, काही होत नाही. आमचं घर एकत्र आहे आणि बँकेतल्या दादाच्या सीसी लिमिटला (कॅश क्रेडिट, धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) वहिनी जामीन आहे. ती रात्री सगळं आवरलं की अंदाजपत्रकाचं पुस्तक घेऊन बसते, पेन्सिलीने खुणा करते, सकाळी मला विचारते हे लेखाशीर्ष म्हणजे काय, तिचं हे पद असल्या गोष्टीने जाऊ नये एवढंच वाटतं. अजून एक, दादा तिच्यासोबत सभेत बसला तर चालतं का?

कोर्टकचेरी:
तुम्हाला लागू होतो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५. त्यातलं कलम १६ बघा. नगरपरिषदेच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा किंवा हितसंबंध असला की अपात्रता. म्हणजे नुसतं नातं बघत नाहीत, त्या कामाच्या पैशात तिचा वाटा आहे का ते बघतात. १९६६ साली सुप्रीम कोर्टाने अशाच एका नगरपालिकेच्या केसमध्ये, तिथे उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेत नोकरीला होता, सांगितलं होतं की नातं कितीही जवळचं असलं तरी तेवढ्याने हितसंबंध सिद्ध होत नाही, आर्थिक किंवा ठोस असं काही दाखवावं लागतं. दादा म्हणतो ते इथपर्यंत बरोबर. पण २०१२ ला गोव्याच्या पंचायतीच्या केसमध्ये नवऱ्याच्या कंत्राटावरून बायको अपात्र ठरली, कारण तिकडच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि त्यामुळे नफ्यात तिचा हिस्सा आपोआपच येत होता. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण विरोधक काय शोधणार ते यावरून कळेल. कंत्राटातून तिच्यापर्यंत जाणारी पैशाची वाट. आणि तुमच्याकडे ती वाट कागदावर आहे, जामीनकी. त्या सीसीतून पाइप आणि सिमेंट घेणार, बिल त्याच खात्यात जमा होणार, आणि बँकेच्या कागदावर सही वहिनीची. उद्या तिच्या अपात्रतेसाठी अर्ज झाला तर पहिला कागद हाच लागेल.

सोप्पं_सांगतो:
एवढं कशाला, दादाच्या मित्राच्या नावाने भरा ना. आमच्याकडे सर्रास चालतं.

कोर्टकचेरी:
कृपा करून हे अजिबात करू नका. कलमात "अप्रत्यक्ष" हा शब्द याचसाठी घातलाय. शिवाय नाव मित्राचं आणि पैसा तुमचा असला की हेतू लपवण्याचाच होता हे उघड दिसतं, मग प्रामाणिक चूक म्हणायलाही जागा राहत नाही. मित्राशी बिनसलं की तोच साक्षीदार.

माजी_सरपंचबाई:
मी ग्रामपंचायतीतली, आमचा कायदा वेगळा, १९५८ चा, पण अनुभव सांगते. सरकारी जागेवर अतिक्रमण असलं की आमच्यात सदस्यत्व जातं, आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अतिक्रमण मूळ सासरच्यांनी केलेलं असलं आणि सदस्य त्याच घरात राहत असली तरी ती अपात्रच. त्यानंतर आमच्या भागात कितीतरी बायकांना नोटिसा आल्या, बांधकाम सासऱ्यांच्या काळातलं आणि उत्तर द्यायचं सुनेने. म्हणून म्हणते, घरातल्या पुरुषाचा व्यवहार हा "त्याचा" राहत नाही, तो तुमच्या वहिनीच्या नावावर चढतो. दादाला दुसऱ्या तालुक्यात कामं मिळतील, तिला ही पाच वर्षं परत मिळायची नाहीत.
सभेचं म्हणाल तर नगरसेवक ती आहे, सभागृहात तीच बसणार, तीच बोलणार. दादाला प्रेक्षक म्हणून बसता येईल, तेही गप्प. खरं तर पहिल्या दोन-तीन सभांना नकोच. मी माझ्या मालकांना पहिल्याच मासिक सभेला दारातून परत पाठवलं होतं, घरी चार दिवस अबोला झाला, पण ग्रामसेवक त्यानंतर फाइल माझ्यासमोर ठेवायला लागले.

कोर्टकचेरी:
बाईंना अनुमोदन. दोन गोष्टी राहिल्या. कलम ४४ नुसार निवडून आल्यावर अपात्रता आली तरी पद जातं, आणि हितसंबंध असलेल्या विषयावर चर्चेत भाग घेतला किंवा मत दिलं तर तेही पद घालवू शकतं. निर्णय जिल्हाधिकारी देतात. निवडणुकीच्या वेळचा मुद्दा असता तर निकाल प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांत जिल्हा न्यायालयात जावं लागतं, ती वेळ तुमच्या बाबतीत गेली, त्यामुळे धोका आहे तो इथून पुढच्या व्यवहारांचाच. दादाने टेंडर भरू नये हे माझं स्पष्ट मत. आणि शेजारच्या प्रभागातलं काम असलं तरी फरक पडत नाही, कंत्राट नगरपरिषदेशीच होतं.

धाकटा_दीर:
सगळ्यांचे आभार. आज जेवताना हे सगळं वाचून दाखवलं. दादा जामीनकीचं ऐकून गप्प झाला, ते त्याच्या डोक्यातच नव्हतं. टेंडर भरणार नाही म्हणाला, आणि सोमवारी बँकेत जाऊन वहिनीच्या जागी मला जामीन घेतात का ते विचारणार आहोत. वहिनीने फक्त एवढंच विचारलं की पहिल्या सभेची विषयपत्रिका कधी मिळते.