मदत हवी आहे: आईचा खुबा बदललाय, परवा घरी आणतोय

नमस्कार मंडळी. आम्ही नारायण पेठेत राहतो. जुना वाडा, दुसरा मजला, जिना अगदी उभा. आई ७१ वर्षांची. पडल्यामुळे मागच्या आठवड्यात हिप रिप्लेसमेंट झालं.

सांधा निखळू नये म्हणून डॉक्टरांनी बजावलंय: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना पायांमध्ये उशी. पण आईचं सगळं आयुष्य जमिनीवर गेलंय हो! पूजा पाटावर, भाजी विळीवर. काही खाली पडलं की ती पटकन वाकणार, लक्षातही येणार नाही. तुमच्याकडे ही सवय कशी मोडली? देव्हारा उंच टेबलावर ठेवायचं मी ठरवलंय, अजून काय करू?

दुसरी काळजी गुठळीची. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या ३५ दिवस आहेत. पोटरी सुजून दुखली तर लगेच कळवा, दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत या, असं सांगितलंय. पण ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच ना? रोज दोन्ही पोटऱ्या टेपने मोजून लिहून ठेवल्या तर उपयोग होईल का? डॉक्टरांना विचारणारच आहे, तरी अनुभव सांगा.

कमोडवर बसवायची उंच सीट पेठांच्या आसपास भाड्याने कुठे मिळेल? घरी येणाऱ्या चांगल्या फिजिओथेरपिस्ट ताई कुणाला माहीत आहेत का? आणि परवा जिन्यावरून खुर्चीत बसवून वर न्यायला अनुभवी माणसं हवी आहेत. हे सगळ्यात तातडीचं.